ग्राफिक्स कार्डाची जुळणी आणि व्यापाऱ्याचा हिशेब

व्यापारी माणसाने आपल्या नफ्याची हकीकत लिहिली तर ती वाचावयास गोड लागते. परंतु तोट्याची हकीकत अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा मी आमच्या दुकानाच्या माळ्यावर आठ महिने चाललेल्या एका धंद्याची हकीकत निवडली. त्यात तोटा आला हे खरे. पण त्या आठ महिन्यांत जे शिकावयास मिळाले ते सभासद बंधूंच्या व त्यांच्या घरातील तरुण मंडळींच्या उपयोगी पडेल, असे वाटते.

बेळगावच्या रविवार पेठेत आमचे भुसार मालाचे दुकान आहे. जानेवारी २०२२ मध्ये माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा माझ्यापुढे येऊन बसला. इंजिनियरिंगचे शिक्षण पुरे करून तो नुकताच दुकानात येऊ लागला होता. "काका, पाच लक्ष रुपये द्या. माळ्यावर सहा ग्राफिक्स कार्डे लावतो. रात्रंदिवस चालतील आणि आपोआप पैसे येतील," असे तो म्हणाला. आपोआप येणाऱ्या पैशाचे मला नेहमीच भय वाटत आलेले आहे. तथापि मुलगा हुशार, कष्टाळू आणि स्वभावाने सरळ. नुसते नाही म्हणून त्याला गप्प बसविणे मला योग्य वाटले नाही. मी एकच अट घातली : या धंद्याची वही निराळी ठेवावयाची, आणि ती दर शनिवारी मला दाखवावयाची.

धंद्याचे स्वरूप

हा धंदा म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. बिटकॉइन या आभासी नाण्याचा आरंभ ३ जानेवारी २००९ रोजी झाला. त्यामागील कल्पना थोडक्यात अशी : एक खतावणी असावी; ती कोणा एका पेढीच्या तिजोरीत न ठेवता तिच्या हुबेहूब प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असाव्यात; आणि तिच्यात नवे पान जोडण्याचा अधिकार, ज्याने त्यासाठी श्रम केल्याचा पुरावा दाखविला त्यालाच मिळावा. हे श्रम म्हणजे अंकांचे एक कोडे होय. पानावरील मजकूर आणि मनास येईल तो एक अंक एकत्र करून ठराविक गणितातून काढला की एक लांबलचक संख्या बाहेर पडते. तिला हॅश म्हणतात. ही संख्या ठरलेल्या मर्यादेहून लहान यावी लागते. कोणता अंक लावला असता ती तशी येईल हे आधी सांगता येत नाही. एकामागून एक अंक लावून पाहणे एवढाच मार्ग. ज्याला प्रथम साधेल त्याने पान जोडावे आणि नवी नाणी बक्षीस म्हणून घ्यावीत. खणता खणता एखाद्यास सोने लागावे तसा हा प्रकार असल्यामुळे त्यास मायनिंग, म्हणजे खाणकाम, असे नाव पडले.

आरंभी हे काम साध्या संगणकांवर होत असे. सन २०१० पासून ते ग्राफिक्स कार्डांवर होऊ लागले. हे कार्ड वस्तुतः संगणकाच्या पडद्यावरील चित्रे काढण्यासाठी केलेले असते. पण एकाच प्रकारची हजारो लहान गणिते एकाच वेळी करण्याची त्याची हातोटी या कामास फार सोयीची ठरली. पुढे २०१३ पासून केवळ बिटकॉइनसाठी बनविलेली खास यंत्रे बाजारात आली आणि त्या नाण्यापुरता ग्राफिक्स कार्डाचा निभाव लागेनासा झाला.

ग्राफिक्स कार्डाला खरे काम दिले ते इथेरियमने. त्याचे जाळे ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले आणि त्याच्या नाण्यास ईथर म्हणतात. खास यंत्रांना सहज वरचष्मा मिळू नये, सामान्य माणसाच्या कार्डालाही वाव राहावा, अशा बेताने त्याचे कोडे मुद्दाम रचलेले होते. एकट्यादुकट्या कार्डाला पान जोडण्याचा मान मिळावयाचा तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली असती. म्हणून हजारो मंडळी मिळून भागीदारी करीत. अशा भागीदारीस पूल म्हणत, आणि ज्याने जितके काम केल्याचा पुरावा दिला त्याला तितका वाटा दर दिवशी मिळे. आमच्या पुतण्याची सहा कार्डे अशाच एका पूलमध्ये सामील झाली.

कार्डाचे काम कोठे अडते

त्याने घेतलेली कार्डे एनव्हिडिया कंपनीची, आरटीएक्स ३०७० या जातीची होती. हे कार्ड ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलर किमतीस बाजारात आले होते. परंतु खाणकामाच्या तेजीमुळे आमच्या हाती पडेपर्यंत त्याची किंमत कितीतरी चढलेली होती. कार्ड जसे पेटीतून येते तसे चालविले, तर ते सुमारे २२० वॅट वीज घेऊन दर सेकंदास सुमारे ५ कोटी १० लक्ष हॅश काढी. पहिल्या आठवड्यात पुतण्याने मला हाच आकडा मोठ्या कौतुकाने दाखविला. पुढे तो म्हणाला, "काका, याची जुळणी केली की वेगही वाढेल आणि वीजही कमी लागेल."

मला हे खरे वाटेना. बैल अधिक धावतो आणि कडबा कमी खातो, असे कधी कोणी ऐकले आहे काय? मी त्यास खुलासा विचारला. त्याने जो खुलासा केला तो इतका समाधानकारक होता की तो येथे विस्ताराने देतो.

इथेरियमच्या गणितात एक मोठी माहितीची रास वापरली जाई. ती काळाबरोबर वाढत होती आणि २०२२ च्या मध्यास सुमारे ५ गिगाबाइटची झाली होती. प्रत्येक हॅश काढताना कार्डाला या राशीतून ६४ वेळा, दर वेळी १२८ बाइट, इतकी माहिती उचलून आणावी लागे; म्हणजे एका हॅशमागे ८,१९२ बाइटांची ने-आण. आता आरटीएक्स ३०७० ची मेमरी दर सेकंदास जास्तीत जास्त ४४८ अब्ज बाइट पुरवू शकते. या संख्येस ८,१९२ ने भागले तर सुमारे ५ कोटी ४६ लक्ष येतात. याहून अधिक हॅश त्या मेमरीच्या मूळ वेगाने निघूच शकत नाहीत, मग गणित करणारा भाग कितीही चपळ असो.

भुसार व्यापाऱ्याला हे समजावयास वेळ लागू नये. वखारीतून पोती आणणारे हमाल थोडे असतील, तर काट्यावर चार तोलारी बसवून काय उपयोग? तोलारी नुसते बसून राहतील आणि त्यांचा रोज मात्र अंगावर पडेल. कार्डातील गणित करणारा भाग, ज्यास कोअर म्हणतात, तो येथे रिकामा बसलेला तोलारी होय. आणि मेमरी म्हणजे हमाल. कारखान्यातून आलेले कार्ड खेळांसाठी सिद्ध केलेले असते. खेळात कोअरला भरपूर काम पडते. म्हणून त्याला जोराने चालविण्यासाठी विजेचा दाबही वाढवून ठेवलेला असतो. खाणकामात तो दाब आणि तो जोर बहुतांशी वाया जातो.

येथेच बचतीचे मर्म आहे. अशा यंत्रात कामापायी होणारा विजेचा खर्च हा ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दाब १० टक्के उतरविला तर हा खर्च सुमारे १९ टक्के उतरतो. दाबाबरोबर ठोकेही १० टक्के कमी केले तर तो सुमारे २७ टक्के उतरतो. थोडेसे पाऊल मागे घेतले असता खर्च पुष्कळच मागे जातो, आणि काम मेमरीवरच अडलेले असल्यामुळे उत्पन्नास धक्का लागत नाही.

जुळणीची रीत

पुतण्याने जुळणी कशी केली ती रीत अशी. प्रथम त्याने कार्डे मूळ स्थितीत काही तास चालवून हॅश व वीज यांची नोंद केली. वीज मोजण्यासाठी त्याने भिंतीवरील प्लगमध्ये एक छोटे मीटर लावले. संगणकाच्या पडद्यावर कार्डाचे वॅट दिसतात खरे. पण वीज पुरविणाऱ्या पेटीत होणारी घट त्यांत धरलेली नसते, आणि बिल येते ते भिंतीतून गेलेल्या विजेचे. हे मीटर पुढे फार उपयोगी पडले.

नंतर त्याने कोअरचे ठोके टप्प्याटप्प्याने उतरविले. कारखान्याने त्या कार्डाचा चढता वेग १,७२५ मेगाहर्ट्झ दिलेला आहे. तो उतरवीत उतरवीत १,१०० च्या आसपास आणला तोपर्यंत हॅश जवळजवळ तेवढेच राहिले. त्याहून खाली गेल्यावर हॅशही पडू लागले, तेव्हा तो एक पायरी वर येऊन थांबला. ठोके उतरले की विजेचा दाबही खाली येतो. त्यानंतर मेमरीचा वेग वाढविण्याचे काम. हे त्याने फार सावकाश केले : दर वेळी थोडा वेग वाढवावयाचा, एक दिवस कार्ड चालू द्यावयाचे, चुका झाल्या नाहीत असे पाहून मगच पुढे जावयाचे. मेमरीचा वेग मूळच्याहून सुमारे १४ टक्के वाढविता आला म्हणजे मघाच्या भागाकाराने मर्यादा ६ कोटी २५ लक्षांपर्यंत जाते. प्रत्यक्षात सुमारे ६ कोटी हॅश मिळू लागले, आणि कार्डाची वीज २२० वॅटवरून सुमारे १३० वॅटवर आली.

वेगात वाढ झाली ती सुमारे १८ टक्के. परंतु खरी प्रगती दुसऱ्या आकड्यात दिसते. पूर्वी एका वॅटमागे सुमारे २ लक्ष ३२ हजार हॅश पडत. आता सुमारे ४ लक्ष ६२ हजार पडू लागले. म्हणजे तेवढ्याच विजेत दुप्पट काम. त्या शनिवारपासून मी वहीत वेगाचा रकाना बंद करून 'वॅटमागे हॅश' असा रकाना घालावयास लावला.

सहाही कार्डे एकाच जातीची, पण त्यांची प्रकृती मात्र एकसारखी निघाली नाही. एकाने जो वेग सहज सोसला तो दुसऱ्याने सोसला नाही. एकाच खळ्यातील पोत्यांचे वजन सारखे भरत नाही, तसेच हे. प्रत्येक कार्डाचे माप निराळे काढून त्याच्यावर चिठ्ठी लावावी लागली. शिवाय माळ्यावर धान्याची भुकटी उडते, ती पंख्यांत व उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांत जाऊन बसे आणि कार्ड तापे. दर पंधरवड्यास झटकणी करावी लागे. एप्रिल-मे महिन्यांत तर खोलीतील गरम हवा बाहेर काढण्यासाठी निराळा पंखा बसवावा लागला. त्याचीही वीज आम्ही याच वहीत लिहिली.

परत आलेला माल

मार्च महिन्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. पडद्यावर एका कार्डाचा वेग सर्वांत अधिक दिसत होता, परंतु पूलकडून येणारे पैसे त्या मानाने वाढत नव्हते. पुतण्या दोन दिवस विचारात पडला होता. मी त्यास विचारले, "अरे, पाठविलेल्या मालापैकी परत किती आला?" तो माझ्याकडे पाहतच राहिला.

माझा प्रश्न साधा होता. शंभर पोती पाठविली आणि दहा पोती खराब म्हणून परत आली, तर विक्री नव्वद पोत्यांची. पूलने नाकारलेल्या कामाचा रकाना त्याने उघडून पाहिला, तेव्हा त्या कार्डाचे बरेच काम चुकीचे म्हणून नाकारले गेलेले आढळले. मेमरी तिच्या शक्तीबाहेर धावविली असता तिच्यात वाचलेली माहिती क्वचित बदलते. मग हॅश चुकीचा निघतो, पण त्यासाठी वीज मात्र जळलेली असते. काही नव्या जातींच्या मेमरीत चूक ओळखून माहिती पुन्हा पाठविण्याची सोय असते. तेथे ताण फाजील झाला म्हणजे कार्ड बंद पडत नाही, पण वेग वाढण्याऐवजी उलट कमी होतो. आणि हे दोन्ही न होता मध्यरात्री यंत्र जागच्या जागी गोठून बसले, तर सकाळपर्यंत सहाही कार्डांचे उत्पन्न शून्य! आमच्याकडे असे दोनदा झाले. त्या कार्डाचा वेग थोडा उतरविताच नाकारलेले काम जवळजवळ थांबले आणि हाती येणारे पैसे वाढले.

उष्णतेचीही अशीच गोष्ट. याच घराण्यातील आरटीएक्स ३०८० व ३०९० या मोठ्या कार्डांची मेमरी ११० अंश सेल्सियसपर्यंत तापली की कार्ड स्वतःच आपला वेग आवरते. पुष्कळांनी त्यासाठी कार्ड उघडून आतील उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या बदलल्या. शेवटच्या एक-दोन टक्क्यांच्या हव्यासाने चांगली कार्डे गमावलेलीही मंडळी आमच्या पाहण्यात आहेत.

एका दिवसाचा ताळेबंद

आता जुळणीचा खरा उपयोग केव्हा कळतो ते सांगतो. २०२२ च्या मध्यास इथेरियमच्या साऱ्या जाळ्यावर मिळून दर सेकंदास सुमारे ९०० लक्ष कोटी हॅश निघत होते, आणि दिवसाकाठी सुमारे १३,००० नवी ईथर नाणी वाटली जात होती. आमचे जुळविलेले एक कार्ड ६ कोटी हॅश काढी. म्हणजे त्याचा वाटा दीड कोटीत एक. दिवसाला सुमारे ०.०००८७ ईथर. व्यवहारांवरील वरकड दक्षिणा आणि पूलची दलाली सोईसाठी सोडून देऊ.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एका ईथरची किंमत सुमारे ४,८०० डॉलरपर्यंत चढली होती. वाटा तेवढाच धरला आणि डॉलर ७४ रुपये धरला, तर त्या भावाने जुळविलेल्या कार्डाला दिवसाचे सुमारे ३०८ रुपये आणि न जुळविलेल्यास सुमारे २६२ रुपये मिळते. विजेचे युनिट ८ रुपये धरले तर खर्च अनुक्रमे २५ व ४२ रुपये. दोघांनाही भरपूर नफा. अशा तेजीत गबाळा दुकानदारही शहाणा ठरतो आणि जुळणीची कोणास फारशी गरज भासत नाही.

परंतु जून २०२२ मध्ये ईथर १,००० डॉलरच्याही खाली गेला. भाव १,००० डॉलर आणि डॉलर ७८ रुपये धरून हिशेब असा होतो. जुळविलेले कार्ड : आवक ६८ रुपये, वीज २५, शिल्लक ४३. न जुळविलेले कार्ड : आवक सुमारे ५७ रुपये, वीज ४२, शिल्लक १५. वेगातील फरक १८ टक्के. पण शिल्लक जवळजवळ तिप्पट! मंदीत खर्च आवरलेल्या दुकानाचीच दारे उघडी राहतात, हे आपण व्यापारात नेहमी पाहतो. येथे ते एका दिवसाच्या आकड्यांत स्पष्ट दिसले.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या व्यवहारांतील उत्पन्नावर आपल्या देशात ३० टक्के कर लागू झाला. या कराचे वैशिष्ट्य असे की संपादनाच्या किमतीखेरीज दुसरा कोणताही खर्च त्यातून वजा मिळत नाही, आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. खाणकामाच्या यंत्रसामग्रीवरील खर्च संपादनाची किंमत म्हणून धरला जाणार नाही, असा खुलासा सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत केला. म्हणजे कर शिलकेवर पडत नाही, आवकेवर पडतो. वरील ६८ रुपयांवर कर सुमारे २० रुपये, उरले २३. न जुळविलेल्या कार्डाच्या ५७ रुपयांवर कर सुमारे १७ रुपये. ४२ रुपयांची वीज आणि हा कर मिळून ५९. म्हणजे तेथे दिवसाला दोन रुपयांची तूट, आणि त्यात यंत्राचा घसारा अजून धरलेलाच नाही. पुतण्याला हा हिशेब मी कागदावर करून दाखविला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

गिऱ्हाईक उठले

जुळणी उत्तम साधली, वही चोख होती, तरीही धंदा बुडाला. त्याचे कारण यंत्रात नव्हते.

इथेरियमच्या चालकांनी प्रारंभापासूनच सांगून ठेवले होते की, पुढेमागे श्रमाच्या पुराव्याची ही पद्धत आम्ही बंद करू. नव्या पद्धतीत कोडी सोडवावयाची नसून, ज्यांनी ३२ ईथर तारण ठेवले आहेत त्यांनी आळीपाळीने खतावणीची पाने जोडावयाची होती. हा बदल अनेकदा पुढे ढकलला गेला. त्यामुळे खाणकाम करणाऱ्यांचा असा समज झाला की तो असाच पुढे जात राहील. आमचा पुतण्याही जानेवारीत मला हेच म्हणाला होता : "दरवर्षी पुढे जाते, काका, याही वर्षी जाईल." मी वाद घातला नाही. आज वाटते, तो प्रश्न मी त्याच दिवशी लावून धरावयास हवा होता. एकाच गिऱ्हाइकावर चालणारे दुकान, आणि ते गिऱ्हाईक स्वतः सांगत आहे की मी जाणार. अशा दुकानास आपण एरवी भांडवल दिले असते काय?

१५ सप्टेंबर २०२२ रोजी तो बदल झाला. त्या दिवशी आमची सहाही कार्डे पूर्वीइतकीच उत्तम जुळलेली होती, पंखे फिरत होते, वॅटमागील हॅशचा आकडा तेवढाच होता. पण त्या हॅशांचे मोल नाहीसे झाले होते. इथेरियमच्या जाळ्याचा विजेचा खर्च या एका बदलाने ९९ टक्क्यांहून अधिक घटला. जगभरची कार्डे इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन, एर्गो अशा लहान नाण्यांकडे धावली. परंतु छोट्या गावच्या बाजारात एकाच दिवशी साऱ्या प्रांतातील माल येऊन पडावा तसे झाले; वाटेकरी वाढले, प्रत्येकाचा वाटा घटला, आणि पुष्कळ ठिकाणी विजेचाही खर्च निघेना. आम्ही आठवडाभर पाहिले आणि माळ्यावरचे बटण बंद केले. त्यानंतर ग्राफिक्स कार्डाच्या खाणकामास एवढे मोठे गिऱ्हाईक पुन्हा लाभलेले नाही.

उरला प्रश्न कार्डांचा. बाजारात जुन्या कार्डांचा पूर आला होता आणि भाव कोसळले होते. खेळासाठी कार्ड हवे असलेला एक कॉलेजचा मुलगा दुकानात आला. पुतण्याचे मन क्षणभर चळले. हे कार्ड खाणकामात चाललेले आहे असे सांगितले तर किंमत पडेल, हे त्याला ठाऊक होते. मी मध्ये बोललो नाही; मात्र गल्ल्यावरून त्याच्याकडे पाहिले. त्याने कार्डाबरोबर एक चिठ्ठी दिली : किती महिने चालले, कोणत्या वेगाने, किती वॅटवर, पंखा केव्हा साफ केला. मुलाने चिठ्ठी वाचली, दोन हजार रुपये कमी दिले आणि कार्ड घेऊन गेला. पुढच्याच महिन्यात त्याचे दोन मित्र येऊन आणखी दोन कार्डे घेऊन गेले. कमी दाबावर, कमी उष्णतेत चाललेले कार्ड फारसे झिजलेले नसते, हे त्यांना त्या चिठ्ठीवरून पटले.

वही मिटताना

अखेरचा जमाखर्च असा : पाच लक्ष रुपये घातले. नाणी विकून आलेल्या रकमेतून वीज व कर वजा जाता जे उरले ते, आणि कार्डे व इतर सामान विकून आलेले पैसे, असे मिळून सुमारे सव्वातीन लक्ष परत आले. पावणेदोन लक्ष तोटा. कार्डे न जुळविता चालविली असती तर तो याहून पुष्कळ मोठा झाला असता. आणि ही कार्डे तेजीच्या शिखरावरील भावाने घेतली नसती, तर तो कदाचित झालाही नसता.

आपल्या घरातील एखादा मुलगा अशाच नव्या यंत्रासाठी भांडवल मागावयास आला, तर त्याला झिडकारू नये आणि लगेच तिजोरीही उघडू नये, असे माझे सभासद बंधूंस विनयपूर्वक सांगणे आहे. त्याला चार प्रश्न विचारावेत. यंत्र किती वेगाने चालते ते राहू दे. एका युनिट विजेमागे ते किती काम देते? पाठविलेल्या कामापैकी नाकारले किती जाते? कर शिलकेवर आहे की आवकेवर? आणि या मालाचे गिऱ्हाईक एक आहे की अनेक. ते उठून गेले तर हे यंत्र दुसऱ्या कोणत्या कामास येईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हुशार मुलगा जुळणी करून सुधारू शकतो. शेवटच्या दोहोंवर त्याची काही सत्ता चालत नाही. त्यांची उत्तरे पैसे देण्यापूर्वीच घ्यावीत.

माळा आता पुन्हा पोत्यांनी भरला आहे. पुतण्या दुकानात बसतो. भिंतीवरचे ते छोटे मीटर त्याने टाकून दिले नाही. गेल्या वर्षी त्याने ते डाळीच्या चक्कीला, मग वखारीच्या पंख्यांना आणि शेवटी माझ्या गादीवरच्या एअर कंडिशनरला लावून पाहिले. शनिवारी त्याने वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "काका, यात सर्वांत अधिक वीज तुम्हीच खाता." हिशेब बरोबर होता, मी त्यावर सही केली.